चाकणच्या शेडवर कमरेएवढा बर्फ

चाकणला बर्फ मी पाडला. कागदावरच पाडला, पण लोखंड त्याच कागदावरून कापलं गेलं, त्यामुळे प्रकरण कागदावर राहिलं नाही.

मी लोखंडी शेडचं डिझाइन करते. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना निळ्या-पांढऱ्या पत्र्यांचे लांबलचक डबे दिसतात, ते आमचे. वर्कशॉपमध्ये खांब आणि तुळया कापायच्या, वेल्डिंग करायचं, रंग मारायचा, ट्रकवर घालून जागेवर न्यायचं आणि बोल्ट आवळून उभं करायचं. लग्नाच्या मांडवासारखंच काम. फक्त हा मांडव पुढची तीस वर्षं उभा राहावा अशी लोकांची अपेक्षा असते, आणि जेवण मिळत नाही.

मी मूळची परभणीची. चऱ्होलीत एका मैत्रिणीबरोबर भाड्याने राहायचे आणि स्कूटीवरून भोसरीला ऑफिसला जायचे. ऑफिस वर्कशॉपच्या माळ्यावर होतं. खाली ग्राइंडर चालू झाला की वर चहाला तरंग यायचे. डिझाइनला आम्ही तिघं आणि आमच्यावर साहेब. साहेब पुण्यातले, पन्नाशीचे, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. रागावले की आवाज आणखी खाली जायचा, त्यामुळे ते ओरडायला लागावेत असं आम्हाला मनापासून वाटायचं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हिमाचलातल्या एका सफरचंदवाल्याच्या गोदामाचं काम आमच्याकडे आलं. बर्फाचा भार धरून छप्पर करायचं होतं. आमच्यात एक बीडचा, एक साताऱ्याचा आणि मी. तिघांनी मिळून बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसात. साहेब मात्र लग्नानंतर चार दिवस मनालीला जाऊन आले होते, म्हणून ते आमचे बर्फतज्ज्ञ.

"बर्फ हलका वाटतो," साहेब म्हणाले. "तसा तो नसतो. आमच्या हिने माझ्या कॉलरमध्ये टाकला होता."

आमच्या प्रशिक्षणातला अनुभवाचा भाग एवढाच. बाकीचं सरकारी नियमांच्या कोडबुकात होतं. तिथे कमरेएवढा बर्फ साचतो असं धरून आम्ही जाडजूड तुळया काढल्या, साहेबांनी तीनदा तपासल्या, आणि ते गोदाम एकदाचं मार्गी लागलं.

त्यानंतर आबांचं काम आलं. आबा चाकणजवळच्या एका गावातले शेतकरी. निम्मी जमीन कंपन्यांच्या रस्त्यात आणि प्लॉटात गेलेली. उरलेल्या तुकड्यावर कांदा लावण्यापेक्षा शेड लावावं आणि ते भाड्याने द्यावं, असं त्यांनी ठरवलं होतं. पांढरं धोतर नव्हे, पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट आणि पांढरी मोठी गाडी. उतरले की गाडी आणि माणूस यांत फरक करायला दोन सेकंद लागायचे. पुढेमागे आत क्रेन बसवता आली पाहिजे, एवढीच त्यांची अट होती.

काम घाईचं होतं. घाईच्या कामात नवी फाईल कोणी उघडत नाही. जुनी उघडायची, नाव बदलायचं, मापं बदलायची. मी सफरचंदवाल्याची फाईल उघडली. लांबी बदलली, रुंदी बदलली, वाऱ्याचा वेग पुण्याचा घातला. बर्फाची ओळ तशीच राहिली. सगळे आकडे हिरवे, म्हणजे सुरक्षित, आले. हिरवे येणारच होते.

साहेबांनी वजन पाहून भुवया उचलल्या. "जरा जड वाटतंय."

"क्रेनची सोय आहे ना, सर," मी म्हटलं. मला स्वतःला ते इतकं पटलं की त्यांनाही पटलं.

दोन महिन्यांनी निम्मं शेड उभं राहिलेलं असताना साइटवरून काहीतरी किरकोळ शंका आली, म्हणून मी ती फाईल उघडली. ओळ समोरच होती. मी ती चारदा वाचली. मग पाणी प्यायले. मग पुन्हा वाचली.  

मी साहेबांच्या टेबलापाशी गेले आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे चाकणला कमरेएवढा बर्फ."

"हो, सर."

"कोणत्या महिन्यात?"

मी ड्रॉइंग उलगडून त्यांच्यापुढे ठेवलं.

"खांबही त्याच हिशोबाने?"

"सगळंच, सर."

त्यांनी चष्मा पुसला, घातला आणि खिडकीतून खाली पाहिलं. आबांच्या शेडच्या उरलेल्या तुळया रंगून वाळत पडल्या होत्या. त्या इतक्या दणकट दिसत होत्या की मलाच लाज वाटली.

"भाव एकरकमी ठरलाय, तेव्हा जादा लोखंड आपलंच गेलं," ते म्हणाले. "ते मी वर सांगतो, माझीही सही आहे. आबांना तुम्ही जाऊन सांगा. ड्रॉइंगवर कोपऱ्यात बर्फाचा भार छापलेला आहे. दुसऱ्या कोणी वाचून त्यांना सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं. आणि जाण्यापूर्वी वाऱ्याचं गणित हाताने करा. कागदावर, पेनने."

"पण सर, इतकं जड शेड वाऱ्याने कसं हलेल?"

साहेबांचा आवाज खाली गेला. "बर्फ खाली दाबतो. वारा वर उचलतो. खाली दाबणाऱ्यासाठी केलेली तयारी वर उचलणाऱ्याला पुरेलच, असं कुठे लिहिलंय?"

आठवडाभर मी हाताने गणित केलं. शेड वाऱ्यालाही टिकत होतं. पण एका अटीवर: भिंती पूर्ण हव्यात आणि वादळात शटर बंद हवीत. वारा आत शिरला तर बाहेरून ओढ आणि आतून ढकल अशा दोन्ही बाजूंनी पत्रा सापडतो. ती अट मी लाल पेनने लिहिली.

आबांना सांगायला गेले तेव्हा ते साइटवर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी काकू, म्हणजे त्यांची बायको, तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी रस्ताभर वाक्यं पाठ करत आले होते. ती सगळी विसरले आणि सरळ म्हटलं, "आबा, माझी चूक झाली. तुमचं शेड बर्फासाठी केलंय."

"बर्फाच्या कारखान्यासाठी?"

"नाही. वरून बर्फ पडतो ना, काश्मीर-हिमाचलात, तो छपरावर साचला तरी चालेल असं."

आबांनी वर छपराकडे पाहिलं. "किती साचला तरी?"

"कमरेएवढा."

"आन् पडनार न्हाई?"

"नाही."

"मंग चूक कुठं झाली?"

मी समजावलं की इकडे बर्फ पडत नाही, लोखंड उगाच जास्त गेलं, ते कंपनीच्या अंगावर आहे. आबांचा चेहरा उजळत गेला. माफी मागायला गेलेल्या माणसाचा इतका सत्कार मी कुठे पाहिला नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तिथल्या तिथे दोन भावकीतल्या लोकांना फोन करून सांगितलं की आपल्या शेडवर बरफ पडला तरी काय व्हत न्हाई. काकूंनी तेवढं विचारलं, "पर हितं कशाला पडंल बरफ?" त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

ती जाहिरात पंचक्रोशीत पसरली. टेम्पोवाले 'बर्फाचं शेड' म्हणून पत्ता सांगायला लागले. लग्नसराईत दोन-तीन मंडळी बर्फाच्या लाद्या विकत घ्यायला येऊन गेली. एकाने तर थर्माकोलची पेटी बरोबर आणली होती. आबांनी त्यांना चहा पाजला आणि शेड दाखवून परत पाठवलं. भाडेकरूही लगेच मिळाला. गाड्यांचे सुटे भाग बांधायला लागणारे पुठ्ठ्याचे खोके तो तिथे साठवायचा.

मला वाटलं, सुटले. एप्रिलअखेर छपरावर हवेसाठी फिरत्या टोप्या बसवायच्या होत्या, म्हणून मी पुन्हा गेले. चाकण चौकात नेहमीप्रमाणे पाऊण तास उभी राहून साइटवर पोचले, आणि गेटातच थांबले. शेडची पूर्वेची भिंत तीन गाळे, म्हणजे चार खांबांमधली, जागेवर नव्हती. पत्रे सोडवून बाजूला रचून ठेवले होते. दोन खांबांमध्ये तिरक्या लावलेल्या सळयाही कापल्या होत्या. शेड एका बाजूला कलू नये म्हणून त्या असतात.

"पलीकडं शटरात ट्रक वळत नव्हता," आबा म्हणाले. "हिकडनं घेतला तर आडव्या यायच्या त्या सळया. मंग कापल्या. म्हटलं, एवढं मजबूत शेड हाय, दोन सळयांनी काय व्हतंय?"

"आबा, आता वारा आत शिरेल."

"शिरू दे की. गार वाटंल."

"छप्पर उचलेल."

ते हसले. "अगं पोरी, तूच सांगितलंस ना? कमरेएवढा बरफ झेलतंय. वाऱ्याला काय भीक घालनार हाय ते?"

माझ्याच चुकीने आबा असे निर्धास्त झाले होते, आणि ते निस्तरायला माझ्याजवळ एकही सोपं वाक्य नव्हतं. मी दाब म्हटलं, ओढ म्हटलं, वहीत बाण काढून दाखवले. आबा मान डोलवत राहिले. बँकेतल्या विमा विकणाऱ्या मुलीपुढे माणसं डोलवतात तशी.

बोलता बोलता आम्ही शेडशेजारच्या त्यांच्या घराच्या ओसरीवर आलो होतो, आणि काकू आत भाकऱ्या करत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "म्हंजी पापुद्रा सुटंल, आसंच ना?"

मी उठून आत गेले. त्यांनी तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर टाकली होती. ती फुगली. "वरनं कितीबी दाब," त्या म्हणाल्या, "आत वाफ कोंडली की पापुद्रा वरच यायचा. त्यो जाड भाकरीचाबी येतो."

"काकू, तुम्ही आमच्या ऑफिसला का नाही येत?"

"मला कोन बोलवतंय," त्या म्हणाल्या, आणि बाहेर आबांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे, "पोरगी सांगती ते करा. शेड तुमच्या एकट्याचं न्हाई. सातबाऱ्यावर माझंबी नाव हाय."

आबांनी निम्मं ऐकलं. भिंत पावसाळ्याआधी लावू म्हणाले. तोवर ट्रक तिकडूनच येणार. मी भोसरीला परत येऊन साहेबांना फोटो दाखवले. त्यांनी शांतपणे दोन कामं लिहून दिली. एक, तिरक्या सळया उद्याच्या उद्या शेजारच्या गाळ्यात बसवायच्या, म्हणजे ट्रकच्या आड येणार नाहीत. दोन, छपराच्या कडेकडेने आणि कोपऱ्यांत पत्र्याचे स्क्रू दुप्पट करायचे, सुरुवात पूर्वेकडून. भिंत लागेपर्यंत हे तात्पुरतं.

"सांगाडा टिकेल," ते म्हणाले. "तुमच्या बर्फाची कृपा. पण पत्रा स्क्रूवर असतो, आणि स्क्रूला बर्फाबिर्फाचं काही कळत नाही."

सळया दुसऱ्याच दिवशी बसल्या. स्क्रूवाले तीन दिवसांनी आले, दोघे फिटर. चौथ्या दिवशी दुपारी काम बघायला मी गेले तर कळलं, त्यांनी पश्चिमेकडून सुरुवात केली होती.

"पूर्वेकडून सांगितलं होतं ना?"

"शिडी इकडं होती, मॅडम," एकजण वरून म्हणाला.

अर्धं छप्पर झालं होतं, नको ते अर्धं. मी शिडी हलवायला लावत होते तेवढ्यात ऊन गेलं. पूर्वेला काळं-तांबूस काहीतरी उठलं होतं, आणि शेजारच्या कंपनीच्या आवारातली धूळ रस्ता ओलांडून आमच्याकडे यायला लागली. मी दोघांना खाली उतरवलं. एकाला स्क्रूचा डबा वरच राहिल्याची चुटपुट लागली होती. डबा राहू दे म्हटलं, तू ये.

वारा आला तो सरळ त्या उघड्या तीन गाळ्यांतून आत. रिकामे खोके उठले आणि शेडभर पळायला लागले. वर पत्रा धडधडायला लागला. आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे, कोणीतरी वर नाचत असल्यासारखा. आबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी पांढऱ्या शर्टाची बटणं धरून ठेवली होती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मला त्या क्षणी हाताने केलेलं गणित आठवलं. वारा आत शिरलाच आहे, तर त्याला पलीकडून जायला वाट दिली की आतला दाब उतरतो. पश्चिमेला दोन मोठी शटर होती, दोन्ही बंद.

"शटर उघडा," मी म्हटलं. "पश्चिमेची दोन्ही."

भाडेकरूचा सुपरवायझर आडवा आला. "मॅडम, वादळात शटर बंद करतात. माझा माल भिजेल."

बंद करतात हे माझंच वाक्य होतं. लाल पेनने मीच लिहिलं होतं. पण ते भिंत जागेवर असतानाचं. हे सगळं त्या आवाजात त्याला कसं सांगायचं? मी तोंड उघडलं आणि धूळच खाल्ली.

काकू घरातून पळत आल्या होत्या, डोक्यावरचा पदर दातात धरून. त्यांनी फक्त मला विचारलं, "उघडायचं?"

"हो."

त्या शटरपाशी गेल्या आणि साखळी ओढायला लागल्या. विहिरीचं पाणी शेंदावं तशा, हातावर हात. दुसऱ्या शटरची साखळी मी धरली. ती छतापासून लोंबत होती आणि माझ्या उंचीला जेमतेम पुरत होती. दोन्ही फिटर धावले, आणि मग आबाही. शटर अर्धं वर गेलं तसे खोके त्याखालून भुर्रकन बाहेर पडले, शंभरेक तरी, आणि सुपरवायझर त्यांच्या मागे पळाला. त्याचं तेवढ्याने भलं झालं, कारण तो उभा होता तिथेच काही वेळाने वरून पाणी आलं.

पूर्वेच्या कडेचे पत्रे गेले. मी जाताना पाहिले. आधी एकाची कड उचलली, स्क्रूभोवती फाटली, आणि तो पान उलटावं तसा उलटून छपरावरून पश्चिमेला गेला. त्याच्यामागे आणखी. मग ते थांबलं. धडधड चालू होती, पण पत्रे जाणं थांबलं. आम्ही शटरच्या खांबाशी अंग चोरून उभे होतो. पाऊस आडवा येत होता. काकूंच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. त्या ते पदराला पुसत होत्या आणि मला विचारत होत्या, जेवलीस का.

वीस मिनिटांत सगळं संपलं. बाहेर आलो तर रस्त्यावरचं एका गृहप्रकल्पाचं होर्डिंग नाल्यात पडलं होतं. त्यावरचं सुखी कुटुंब आकाशाकडे बघत हसत होतं. कोणालाही लागलं नव्हतं. मी पत्रे मोजले. सात गेले होते. पश्चिमेच्या, म्हणजे शिडी होती त्या अर्ध्या भागातला एकही हलला नव्हता.

आबांनी आत जाऊन छपरातल्या भोकांतून दिसणारं आकाश पाहिलं. मग म्हणाले, "उद्या भिंत लावून टाकू." एवढंच. गावात त्यांनी पुढे 'सातच गेले' असं सांगितलं, आणि शटर उघडायची कल्पना कोणाची हे सांगताना थोडं मोघम बोलले. ते मी सोडून दिलं. सुपरवायझरने भिजलेल्या खोक्यांची तक्रार केली तेव्हा काकूंनी त्याला ओसरीवर बसवून चहा दिला आणि विचारलं, छप्पर गेलं असतं तर किती भिजले असते? त्याने चहा घेतला.

साहेबांना मी फाटलेल्या पत्र्याचा तुकडा आणून दिला. स्क्रूचं भोक लांबट होऊन कडेपर्यंत चिरलं होतं. त्यांनी तो बोटाने चाचपला आणि विचारलं, "शटर उघडायचं तुम्हाला सुचलं?"

"हो, सर."

"बरं झालं हाताने गणित केलंत," म्हणाले आणि तुकडा टेबलावर ठेवून दिला. तो अजून तिथेच आहे. साहेब त्यावर चहाचा कप ठेवतात. ऑफिसमध्ये नियमही झाला की जुनी फाईल उघडून नवं काम करायचं नाही. तो नियम आम्ही सगळे पाळतो, घाई नसेल तेव्हा.

वादळानंतर आठवड्याने नवे पत्रे बसले का ते बघायला गेले, तेव्हा आबांच्या शेडच्या पश्चिमेला शेत असलेले एक शेतकरी बांधावर भेटले. उडालेले सातही पत्रे त्यांच्याच वावरात पडले होते. पाच त्यांनी परत केले. दोन जरा वाकले होते, ते आबांनी त्यांनाच देऊन टाकले. ते दोन पत्रे त्यांनी म्हशीच्या गोठ्यावर टाकून नवं छप्पर केलं होतं आणि पत्र्यांवर चार दगड ठेवले होते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, दगडांनी भागणार नाही. वारा खालून उचलतो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, तुमचं शेड मोठं. वाऱ्याला लांबनं दिसतं. माझा गोठा त्याला दिसायचा न्हाई."

म्हैस रवंथ करत होती. तिचंही मत तेच असावं. मी स्कूटीच्या डिकीतून मूठभर स्क्रू काढले, रबरी वायसरसकट, आणि त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते मोजून खिशात टाकले आणि विचारलं, "ह्ये लाकडालाबी बसत्यात का?"

"बसतात," मी म्हटलं.

"मंग दरवाजाला लावतो," ते म्हणाले. "त्यो कवाधरनं करकरतोय."